संमतीने घटस्फोट : नेमकं काय काय करावं लागतं?

अर्धविराम
नमस्कार. सहा-सात वर्षं इथे वाचनमात्र आहे. उकडीच्या मोदकांच्या धाग्यावर एकदा पाणी किती घ्यायचं ते विचारलं होतं, तेवढाच काय तो सहभाग. आज पहिला धागा काढतेय, तोही असल्या विषयावर.

लग्नाला पाच वर्षं झाली. मूल नाही. चौदा महिने वेगळे राहतोय. मारहाण, व्यसन, तिसरं माणूस असलं काही नाही, आणि घरच्यांना नेमकं हेच पटत नाही. 'मग कारण काय?' हा प्रश्न रोज ताटात मिठासारखा वाढलेला असतो. आमचं दोघांचं मात्र ठरलंय. भांडून नाही, गाडीचा विमा कधी संपतो हे फोनवर बोलता बोलता ठरलं.

पुढचं काहीच माहीत नाही. लग्न त्याच्या गावी झालं, संसार दुसऱ्या शहरात, मी अजून तिथेच, तो आता तिसऱ्याच जिल्ह्यात. (गावांची नावं मुद्दाम टाकत नाहीये.) एक वकील म्हणाले, दोन महिन्यांत मोकळे करतो. दुसरे म्हणाले, दीड वर्ष धरून चाला. तिसऱ्यांनी त्याला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, 'चारशे अठ्ठ्याण्णव टाकायची का?' (म्हणजे नवऱ्यावर आणि सासरच्यांवर छळाची फौजदारी तक्रार.) मी पर्स उचलली आणि निघाले.

तर : अर्ज कुठे करायचा? सहा महिने थांबावंच लागतं का? फ्लॅट दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांच्या नावावर, त्याचं काय? कोर्टात काय विचारतात?

'पुन्हा एकदा विचार करा' एवढं सोडून काहीही लिहा. तो करून झालाय.

खमंग_फोडणी
मोदकांच्या धाग्यावर तुला उत्तर मीच दिलं होतं गं, एका वाटीला एक वाटी. कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे. रात्री-बेरात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

काळा_कोट
जिल्हा न्यायालयात बत्तीस वर्षं काढली, आता नातवंडं सांभाळतो. जमेल तेवढं क्रमाने सांगतो.

दोघे हिंदू, लग्न वैदिक पद्धतीने, असं धरतो. लागू होतो हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ब. मूळ कायद्यात हे नव्हतं, १९७६ च्या दुरुस्तीने आलं. त्याआधी दोघांचं पटलेलं असलं तरी एकाने दुसऱ्यावर काहीतरी आरोप करावाच लागे.

अटी तीन. किमान एक वर्ष वेगळं राहणं, एकत्र नांदणं शक्य नसणं आणि दोघांची राजीखुशी. वेगळं म्हणजे वेगळ्या छताखालीच असं नाही. एका घरात राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसाल तरी चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केलंय. अर्ज दोघांचा मिळून एकच. तो दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनंतर, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा हजर राहून 'आमचं म्हणणं तेच आहे' असं सांगायचं. बार रूममध्ये याला फर्स्ट मोशन आणि सेकंड मोशन म्हणतात.

कुठे? लग्न झालं तिथे, शेवटचे एकत्र राहिलात तिथे, किंवा पत्नी सध्या राहते तिथे. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या दोन्हींत बसता, म्हणजे तुमच्याच शहरात होईल. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे.

सहा महिन्यांचं म्हणाल तर २०१७ च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालानंतर ते माफ होऊ शकतात. पण मागितलं की मिळालं, असं नव्हे. अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, पोटगी-स्त्रीधन-मुलं सगळं खरोखर मिटलेलं असावं, आणि थांबण्याने नुसता त्रासच लांबणार असावा. तुमचे चौदा महिने. चार कमी पडतात. दोन महिन्यांवाल्या वकिलांना हे विचारा.

सह्यकडा
गणित मांडून बघा. आज अर्ज केला तर १४ + ६ = २०. चार महिने थांबून माफीचा अर्ज केला तर १८, वर त्याच्या तारखा. फरक महिना-दीड महिन्याचा. मी तर आजच टाकेन. वेळ अर्जाच्या पोटात गेलेला बरा.

नियमावर_बोट
@काळा_कोट काका, थोडी भर. २०२१ मध्ये अमित कुमार विरुद्ध सुमन बेनीवाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अमरदीपमधल्या कसोट्या म्हणजे दगडावरची रेघ नाही, परिस्थिती बघून न्यायाधीश ठरवू शकतात. चौदा महिने झालेत म्हणून दार बंद नाही. मागून बघायला हरकत काय?

काळा_कोट
बरोबर. मागावी, पण तिच्या भरवशावर पुढची तिकिटं काढू नयेत.

निनावी_निनाद
वाचनखूण साठवली असती, पण आमच्याकडे लॅपटॉप एकच आहे.

खमंग_फोडणी
@निनावी_निनाद, पाककृती विभागात 'चकली मऊ का पडते' नावाचा धागा आहे, त्यात जाऊन लपवा.

परतीचा_पाऊस
माझा २०१९ मध्ये झाला, संमतीनेच. काकांनी सांगितलं त्यात चूक काही नाही, पण अर्धविराम, एक लक्षात ठेव. कायद्याचं काम चार ओळींचं. खरा घटस्फोट होतो तो संमतीच्या अटींच्या कागदावर. त्या कागदात जे लिहिलं नाही ते कुणी देत नाही, आणि तो वाईट आहे म्हणून नव्हे. सहा महिन्यांत माणसाचा काका बदलतो, मेव्हणा बदलतो, सल्ला देणारा बदलतो.

आमचं स्त्रीधन दोन्ही वकिलांसमोर परत आलं. माझ्या आईने लग्नात दिल्याघेतल्याची यादी पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने केली होती, तीच अटींना जोडली. टेम्पोतून गोणपाटात बांधलेली भांडी आली. स्टीलच्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं, माझं सासरचं. वकिलांचा कारकून एकेक पातेलं उचलून नाव वाचतोय आणि आई टिकमार्क करतेय. यादीत सदतीस, निघाली छत्तीस. मधल्या आकाराचा डबा कमी. सासऱ्यांचा चेहरा पडला, त्यांना खरंच माहीत नव्हतं. डबा माझ्याच ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता हे मला तीन आठवड्यांनी कळलं. पण त्या दिवशी त्या डब्यापायी दीड तास गेला आणि 'आमच्या घराण्यात चोर नाहीत' इथपर्यंत वेळ आली.

तेव्हा आधी लिहा. सोनं तोळ्यात नको, ग्रॅममध्ये, दागिन्यागणिक. लॉकर कुणाच्या नावावर, किल्ली कुणाकडे. आरोग्य विम्यात तुझं नाव कधीपर्यंत. पीएफ, म्युच्युअल फंड, एलआयसी, सगळीकडचं नॉमिनेशन. गाडी कुणाची. फ्लॅटचा हप्ता कुठल्या महिन्यापासून कोण भरणार. आणि पैसे द्यायचे असतील तर कधी : अर्धे पहिल्या वेळी, अर्धे दुसऱ्या वेळी, डिमांड ड्राफ्टने, कोर्टासमोर.

आणखी एक. अर्जाला लग्नाचा फोटो जोडावा लागतो. तो शोधायला अल्बम उघडावा लागतो. एकटीने उघडू नकोस.

सह्यकडा
शेवटच्या ओळीपाशी थांबलो.

बँकेत_बसलेला
फ्लॅटबद्दल, कारण काउंटरच्या अलीकडून हे रोज बघतो. लोक हुकूमनामा घेऊन येतात : 'साहेब, कोर्टाने लिहिलंय की हप्ते आता तो भरणार, माझं नाव काढा.' कोर्टाने लिहिलं ते तुम्हा दोघांपुरतं. बँक त्यात पक्षकार नसते. कर्जाच्या करारावर सही दोघांची, त्याने हप्ता चुकवला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, तुमचाही पडतो.

तीन वाटा आहेत. फ्लॅट विकून कर्ज फेडणं, सगळ्यात स्वच्छ. एकाने कर्ज स्वतःच्या एकट्याच्या नावावर घेणं, म्हणजे नवी पात्रता, नवी कागदपत्रं. किंवा दुसऱ्याने हक्क सोडणं. तो सोडायचा असेल तर नवरा-बायको असतानाच सोडा. महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, शहरात वर अधिभार लागतो तो वेगळा. हुकूमनाम्यानंतर तुम्ही एकमेकांचे कुणी नाही, मग बाजारभावाच्या हिशेबाने भरा. बँकेची ना-हरकत मात्र आधी. आणि हे सगळं अटींच्या कागदात तारखेसकट लिहा.

अर्धविराम
नवरा-बायको असतानाच! हे तिघांपैकी एकाही वकिलाने सांगितलं नव्हतं. आत्ताच त्याला फोन केला. तो म्हणाला, 'म्हणजे वेगळं व्हायला आधी नवरा-बायको असावं लागतं होय.' बऱ्याच दिवसांनी दोघे हसलो.

एकतर्फी_तारीख
सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. आमचंही संमतीचंच होतं. अटी लिहिल्या, पहिली तारीख झाली, ठरलेले निम्मे पैसे दिले. दुसऱ्या वेळी ती आलीच नाही. वकिलांनी सांगितलं, संमती हुकूमनामा होईपर्यंत कधीही मागे घेता येते. अठरा महिने उलटले, अर्ज निकाली.

मग कलम १३ खाली क्रूरतेच्या कारणावर दावा. समन्स निघाला. बेलीफ दोनदा 'घर बंद' लिहून परत आला. मग तिची कैफियत (म्हणजे लेखी उत्तर), मग समुपदेशन, मग मुद्दे निघाले, मग माझं सरतपासणीचं शपथपत्र. उलटतपासणी चार तारखांत तुकड्या-तुकड्याने. दरम्यान तिचा अंतरिम पोटगीचा अर्ज. दोघांनीही मिळकतीचं शपथपत्र भरायचं असतं, २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालानंतर ते सक्तीचंच आहे. त्यात ओटीटीच्या वर्गणीपर्यंत सगळं लिहिलं. आणि तिकडे ४९८अ. माझी आई बहात्तर वर्षांची. सहावं वर्ष चालू आहे. कुणी 'संमतीने' म्हटलं की मला शिसारी येते.

गुलबक्षी
आईंचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण दादा, तुमच्या एका केसवरून कलमाला नावं ठेवायला नकोत. माझ्या मावसबहिणीच्या पाठीवर इस्त्रीचा त्रिकोण आहे. पोलीस चौकीत तिला 'आपसात मिटवा' सांगत होते. तिला त्या ४९८अ ने आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने घरात परत जागा मिळाली, संरक्षण अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन कुलूप उघडून दिलं. त्या कलमाचा गैरवापर होतो हे खरं आणि वापरच होत नाही हेही तितकंच खरं.

एकतर्फी_तारीख
इस्त्रीबद्दल मी काय बोलणार. मी माझं सांगितलं.

काळा_कोट
दोघांचंही खरं आहे, बत्तीस वर्षांत दोन्ही पाहिलं. ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५-८६ म्हणून आलंय, लोकांच्या तोंडी मात्र जुनाच आकडा. धागाकर्तीला ज्यांनी ते 'टाकायचं का' विचारलं त्यांच्याविषयी मी व्यवसायबंधू म्हणून गप्प बसतो.

संमती मागे घेण्याबद्दल : १९९१ चा तोच निकाल. म्हणून तर परतीचा_पाऊस म्हणतात तशी रक्कम टप्प्याटप्प्याने आणि मोठा टप्पा शेवटी. एकतर्फी_तारीख, तुमच्या वकिलांनी निम्मे पैसे आधी द्यायला लावले तिथे गणित चुकलं.

फेटा_कोल्हापुरी
एवढं कशाला राव? आमच्याकडं पाचशेच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहितात, चार पंच सह्या ठोकतात, नोटरीचा शिक्का, झालं काम. दुपारच्या जेवणाला घरात.

नियमावर_बोट
आणि संध्याकाळी दुसरं लग्न केलं की रात्री चौकीत.

काळा_कोट
हसण्यावारी नेऊ नका. दर महिन्याला असा एक कागद घेऊन कुणीतरी यायचं. नोटरीने शिक्का मारला म्हणजे त्याने फक्त सह्या पाहिल्या. घटस्फोट देण्याचा अधिकार नोटरीला नाही, पंचांना नाही आणि सरपंचाला तर मुळीच नाही. एक अपवाद आहे : एखाद्या जातीत काडीमोडाची जुनी, अखंड चालत आलेली रूढी असेल तर कलम २९(२) ती राखून ठेवतं. पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते, 'आमच्यात चालतं' म्हणून भागत नाही. सिद्ध झाली नाही तर पहिलं लग्न कायम आणि दुसरं बेकायदा. त्यात भरडली जाते ती दुसरी बायको, तिला बिचारीला यातलं काही सांगितलेलंच नसतं.

पंचांनी काडीमोडापायी दंड लावला, वाळीत टाकलं, तर त्यासाठी महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे.

फेटा_कोल्हापुरी
आयला. चुलतभावाला फोन लावतो.

सह्यकडा
@फेटा_कोल्हापुरी नंतर काय झालं तेही कळवा.

जुनी_पानं
थोडं अवांतर. काडीमोडाची रूढी बहुजन समाजात जुनी, ज्यांना ती नव्हती त्या जातींत बाई अडकायची. रखमाबाईंचा खटला आठवा. लहानपणी लग्न झालेलं, नांदायला जायला नकार दिला, नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. 'केसरी'ने त्यांच्याविरुद्ध लिहिलं. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला, आणि बाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. म्हणजे तडजोडीत बायकोने नवऱ्याला पैसे दिले! हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा बडोदा संस्थानात १९३१ मध्ये आला, मुंबई प्रांतात १९४७ मध्ये, देशभर १९५५ मध्ये.

आणि तो 'नांदायला ये' दावा अजून आहे बरं का. कलम ९.

गुलबक्षी
कलम ९ ची नोटीस म्हणजे 'प्रेमाने परत ये' असं समजून आमच्या शेजारच्या काकू रडल्या होत्या. ती पोटगी टाळायची चाल होती.

नियमावर_बोट
इतिहास काढलाच आहे तर दास्ताने खटलाही वाचा, १९७५ चा. मराठी घरातलं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि आज देशभर कुठेही क्रूरतेचा दावा चालला की त्याचा दाखला निघतो. क्रूरता फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्ध करायची गरज नाही, शक्यतेचं पारडं जड असलं की पुरे, हे त्यात ठरलं. नवरा क्रूरता सिद्ध करूनही हरला, कारण त्यानंतर दोघे एकत्र राहिले होते, म्हणजे त्याने ती माफ केली असं धरलं गेलं.

निनावी_निनाद
माफ करून हरला. वा.

म्हापसेकार
आमच्या गोव्यात गणित वेगळं. हिंदू विवाह कायदा नाही, पोर्तुगीज काळातली नागरी संहिता अजून चालते, घटस्फोटाचा कायदा १९१० चा. लग्न आधी नोंदणी कार्यालयात. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, निम्मी-निम्मी. नवऱ्याला एकट्याने घर विकता येत नाही, बायकोची सही हवीच. त्यामुळे घटस्फोट सोपा पण वाटणी लांबते. माझ्या चुलत्याची काजूची बाग नऊ वर्षं कोर्टात, काजू मात्र माकडं वेळेवर नेतात.

बँकेत_बसलेला
उलट इकडे महाराष्ट्रात लोकांना वाटतं बायकोला निम्मी मालमत्ता आपोआप मिळते. तसं काही नाही. ज्याच्या नावावर त्याचं. तिला पोटगी मिळू शकते, स्त्रीधन तिचंच, घरात राहण्याचा हक्क वेगळा. पण 'निम्मं' असा कायदा नाही.

गुलबक्षी
हो, आणि तिने नोकरी सोडून दहा वर्षं ज्या घराला पाणी घातलं तेही 'ज्याच्या नावावर त्याचं'. असो. तुमच्यावर राग नाही हो.

हडसनकाठ
न्यू जर्सीहून. इथे राहणाऱ्यांसाठी सावधगिरीची सूचना : लग्न भारतात, हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं असेल आणि इथल्या कोर्टातून एकट्याने 'पटत नाही' एवढ्यावर घटस्फोट घेतला, तर भारतात तो मानला जाईलच असं नाही. १९९१ चा नरसिंह राव यांचा निकाल आहे : ज्या कारणावर घटस्फोट झाला ते कारण भारतीय कायद्यात असावं लागतं, आणि दुसऱ्याने तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य करून भाग घेतलेला असावा लागतो. माझा मित्र इथल्या कागदावर पुण्यात बोहल्यावर चढायला निघाला होता, भटजींच्या आधी त्याला वकील भेटले म्हणून वाचला. दोघांची संमती असेल तर भारतातच अर्ज करा. हल्ली कुलमुखत्यारपत्र आणि व्हिडिओवरून हजेरी यांना परवानगी मिळते.

पेस्तनकाका_पंखा
पारशी असाल तर अजून मजा. त्यांच्या घटस्फोटात आजही ज्युरी बसते, समाजातले पाच प्रतिनिधी.

निनावी_निनाद
आमच्याकडे ज्युरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बसते. संख्या एकशे चाळीस.

संपादक
अवांतर मजेशीर आहे, पण धागाकर्तीच्या प्रश्नाकडे वळूया. कुणाच्या चालू खटल्याचे तपशील, नावं टाकू नयेत ही विनंती. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. अजून दोन प्रश्न. मी कमावते, पोटगी नकोय. 'भविष्यात कधीही मागणार नाही' असं वाक्य त्याच्या वकिलांनी घातलंय, सही करू? आणि निकालानंतर लगेच पुन्हा लग्न करता येतं का? (मला नाही करायचं. त्याची आई विचारतेय.)

परतीचा_पाऊस
त्याची आई!! आत्तापासून?

काळा_कोट
पोटगी नको असेल तर 'सध्या मागणी नाही' असं लिहा. 'कधीही' हा शब्द फार मोठा. उद्या आजारपण आलं, नोकरी गेली तर? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ खालचा, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा पोटगीचा हक्क असा कराराने कायमचा सोडून देता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलंय. तरी सहीच्या आधी ते वाक्य बदलून घ्या, नंतर भांडत बसण्यापेक्षा सोपं. हवी असती तर एकरकमी की दरमहा, हाही विचार करावा लागला असता. दरमहा येणारी पोटगी उत्पन्न धरतात, तिच्यावर कर बसतो, एकरकमीवर सहसा नाही.

पुनर्विवाह : संमतीच्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यात अपीलच नाही, त्यामुळे थांबायचं कारण नाही. भांडून झालेल्या घटस्फोटात अपिलाची ९० दिवसांची मुदत जाऊ द्यावी लागते. सासूबाईंना निरोप द्या.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तुम्हाला गरज नसेल, पण इथे गुपचूप वाचणाऱ्या कुणाला असेल.

निनावी_निनाद
धन्यवाद काका.

खमंग_फोडणी
@निनावी_निनाद, तुलाही व्यनि केलाय. बघ.

एकतर्फी_तारीख
अर्धविराम, मागे कडवट लिहिलं. कामाचं एक सांगतो. तारखेचा मेसेज येईल या भरवशावर राहू नका, ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक (आपल्या प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकून आदल्या रात्री स्वतः बघा. अकराची तारीख म्हणजे अकराला पुकारा नव्हे. डबा न्या. कँटीनचा वडा खाऊ नका, सहा वर्षांच्या अनुभवाने सांगतोय.

नियमावर_बोट
आणि आपापसात बोलताना सांभाळून. जोडीदाराचं चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलाय.

खमंग_फोडणी
म्हणजे आता भांडतानासुद्धा शुद्ध मराठीत भांडायचं.

(तीन महिन्यांनी)

फेटा_कोल्हापुरी
धागा वर काढतो. चुलतभावाचं लग्न पुढं ढकललं. आता दोन्ही पार्ट्या रीतसर कोर्टात अर्ज करणार आहेत. पंच नाराज आहेत, पण त्यांच्या जेवणाचा खर्च वाचला.

अर्धविराम
मीही इकडेच येणार होते. काल पहिली तारीख झाली.

बक्षीसपत्र आधीच उरकलं. फ्लॅट त्याच्याकडे, कर्ज त्याने एकट्याच्या नावावर करून घेतलं. माझ्या वाट्याची रक्कम दोन ड्राफ्टमध्ये, मोठा दुसऱ्या तारखेला. 'कधीही' काढून घेतलं. लॉकरची किल्ली, विमा, नॉमिनेशन, सगळं आठ पानांत बसलं. सहा महिने माफ करण्याचा अर्जही सोबत दिलाय, बघू.

समुपदेशक बाईंनी आधी वेगवेगळं बोलावलं, मग एकत्र. माझ्या आईपेक्षा थोड्या लहान असतील. त्यांनी 'कारण काय' विचारलं नाही, 'ठरवून किती दिवस झाले' विचारलं. न्यायाधीशांनी तीनच प्रश्न विचारले. दबावाखाली आहात का, अटी वाचून सही केलीत का, आणि अर्जातलं 'अर्जदार क्रमांक १ गरोदर नाही' हे खरं आहे ना. तिसऱ्या प्रश्नाला आम्ही दोघेही खाली बघत होतो. मग शिरस्तेदारांनी सह्या कुठे करायच्या ते पेन्सिलीने फुल्या मारून दाखवलं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं.

लग्नाचा फोटो त्यानेच आणला. आमचा दोघांचा एकही बरा नव्हता म्हणे, म्हणून सप्तपदीचा जोडलाय, त्यात मागे त्याचा मामा जिलबी खाताना दिसतो. आता तो मामा कायमचा रेकॉर्डला.

परतीचा_पाऊस
छान झालं गं. हुकूमनाम्याच्या नकला एकदम चार मागून ठेव. एक बँकेला, एक पासपोर्टला, एक आईच्या कपाटाला, एक हरवायला. नंतर मागायला गेलं की पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे.

एकतर्फी_तारीख
पुकारा किती वाजता झाला?

अर्धविराम
तीन वीसला.

एकतर्फी_तारीख
सांगितलं होतं. डबा नेला होतात ना?

अर्धविराम
घरीच राहिला, ओट्यावर. वडा खाल्ला. दोघांनी मिळून तीन. बरा होता हो.